वाचून दाखवायचा राहिलेला जबाब

ईशान आणि मीरा, नागपूरहून निघताना मी पिशवी तीन वेळा उघडून पाहिली, आणि चौथ्यांदा रिक्षात बसल्यावर. आत माझ्या बाबांची, म्हणजे तुमच्या पणजोबांची, एक जुनी वही होती. आधी धुतलेल्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली, त्यावर प्लॅस्टिक, त्यावर रबर. तिच्यातल्या दोन पानांच्या तीन झेरॉक्सही काढल्या होत्या. एक पर्समध्ये, एक सुटकेसच्या तळाशी आणि एक शेजारच्या बाईंकडे बंद पाकिटात. तुमची आई हे वाचून दाखवताना इथे हसेल. हसू दे. काही हरवलं तर काय, या विचाराने मला आठवडाभर झोप नव्हती.

याला कारण ईशानचं पत्र. शाळेत प्रकल्प आहे, विषय ‘ब्रिटिशांचं भारतातलं राज्य का संपलं’, आणि खाली लिहिलं होतं, ‘आजी, तू तेव्हा होतीस ना? तुला काय वाटतं?’ मी एकतीस वर्षं मुलींना इंग्रजी आणि इतिहास शिकवला. फळ्यावर चार कारणं लिहीत असे. महायुद्धाने इंग्लंडची तिजोरी रिकामी झाली. लोकांची आंदोलनं थांबेनात. सैनिक आणि मुंबईचे खलाशी उलटले, तेव्हा ज्यांच्या जोरावर राज्य चालायचं त्यांचाच भरवसा उरला नाही. आणि खुद्द इंग्लंडात सरकार बदललं. चारही सुवाच्य अक्षरात लिहून मी पाकीट बंदही केलं होतं. मग वाटलं, सोबत एखादी जुनी वस्तू पाठवावी, वर्गात दाखवायला. म्हणून बाबांची पेटी उघडली आणि ही वही हाती लागली.

बाबा बालाघाटला इंग्रज मॅजिस्ट्रेटच्या कचेरीत कारकून होते. साहेब दौऱ्यावर निघाला की बाबा बरोबर. गावाबाहेर तंबू लागे, टेबल मांडलं जाई, आणि तिथेच खटले चालत. लोक आपल्या बोलीत बोलत, बाबा ते इंग्रजीत लिहीत, साहेब सही करी. वहीत १९३० च्या पावसाळ्यातली एक नोंद आहे. त्या वर्षी मिठाचा कायदा मोडला गेला तो समुद्रकाठी. आमच्याकडे कुठला समुद्र? आमच्याकडे जंगल. सरकारने राखून ठेवलेल्या जंगलात शिरून लोकांनी गवत कापलं आणि स्वतःला पकडवून घेतलं. बाबा लिहितात :

‘आज नऊ आरोपी. आठांस कैद. नववा सोमाजी, महारवाड्यातला, वय सतरा-अठरा. उलट बोलला. साहेब मराठी जाणत नाही, पण चढा आवाज ऐकून वेताच्या फटक्यांची भाषा करू लागला. पोर मरेल असे वाटले. मी इंग्रजीत लिहिले की आरोपी चुकलो म्हणतो, माफी मागतो. साहेबाने सोडून दिला. अंगठा घेतला. खाली नेहमीप्रमाणे “वाचून दाखवला, बरोबर असल्याचे कबूल” असे लिहिले. वाचून दाखवला नाही.’

त्याखाली, ‘तो खरे जे बोलला ते येथे लिहून ठेवतो’ असं म्हणून पुढच्या ओळी आहेत. त्या मी नंतर सांगेन.

ती नोंद वाचली त्याच आठवड्यात बालाघाटचा माझा थोरला भाऊ फोनवर सहज म्हणाला, की स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त परसवाड्याकडच्या एका गावात गवत-सत्याग्रहींच्या नावाचा दगड बसतोय. पेपरात आलंय. आठ नावं. गाव तेच. मी वही पुन्हा उघडली आणि नऊ मोजले.

(गावाचं नाव इथे लिहीत नाही. सोमाजींच्या घराला आता आणखी पेपरवाले नको आहेत.)

गोंदियापर्यंत रेल्वे आणि पुढे बस. गोंदियाच्या स्टँडवर चना-पोहे घेतले आणि तसेच ठेवले. सोमाजी जिवंत असेल तर चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीचा. नसेल तर मी कोणाला काय सांगणार? आणि असेल तर? ‘माझ्या वडिलांनी तुमच्या अंगठ्यावर खोटं लिहिलं’ हे वाक्य मी राजेगाव येईपर्यंत मनात सात-आठ प्रकारे म्हणून पाहिलं. राजेगावला बाघ नदी ओलांडली की महाराष्ट्र संपतो. पाट्या हिंदी होतात, भाताची खाचरं मात्र तशीच पुढे चालू राहतात, रोवणी (भाताची लावणी) नुकतीच झालेली, पोपटी.

बालाघाटला दादाने, माझ्या थोरल्या भावाने, माझ्या आवडीचा बेत केला होता. चिन्नोर तांदळाचा भात. शिजताना गल्लीभर वास जातो, दाणा बारीक आणि मऊ. दादा चाळीस वर्षं वकिली करून आता घरी बसलाय. वहीतली पानं त्याने दोनदा वाचली आणि चष्मा पुसत बसला.

“कुसुम, तू हे गावात जाऊन सांगणार?”

“हो.”

“सुवर्णमहोत्सवाच्या आठवड्यात? की आमचे वडील खोटे जबाब लिहीत?”

“एक लिहिला.”

“एक तुला सापडला.” मग आवाज उतरवून म्हणाला, “अगं, त्यांनी वाचवलं त्या पोराला. फटके म्हणजे गंमत नव्हती.”

“मग सांगायला भीती कसली?”

तो ताक पीत राहिला. मग ताटात पाहत म्हणाला, “मी सात वर्षांचा होतो. त्या पावसाळ्यात बाबा दौऱ्यावरून आले आणि दोन दिवस जेवले नाहीत. आई म्हणाली, पोट बिघडलंय.”

सकाळी मी निघाले तेव्हा तो दारात छत्री घेऊन उभा होता. “तुझी लहान आहे, ही घे. आणि म्हातारा असलाच तर माझाही नमस्कार सांग. वकिलाचा म्हणून नको सांगूस. भावाचा म्हणून सांग.”

परसवाड्याकडची बस घाट चढायला लागली की दोन्ही बाजूंनी बांबू आणि साग जवळ येतात. पावसाने सगळं इतकं हिरवं झालं होतं की खिडकीतून आत येईल असं वाटावं. माझं लक्ष कुठे होतं? पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर. शेजारी पन्नाशीची एक बाई बसली होती, कपाळ मोकळं, हातात औषधांची पुडी. कंडक्टरला मी गावाचं नाव सांगितलं तशी ती वळली.

“आमच्याच गावले? कोणाच्या घरी?”

“सोमाजी बुवांच्या. आहेत ना ते?”

तिचा चेहरा बंद झाला. “काहून?”

“काम होतं.”

“पेपरवाल्या हाव का तुमी?”

“नाही हो. शाळेत शिकवत होते.”

“त्यायले काई इचारू नका, बाई. मागच्या महिन्यात एक पेपरवाला आलता. म्हने, आजोबा, बाकीचे जेलात गेले, तुमी माफी काहून मांगली? बुढा दोन दिस जेवला नाई. माहे सासरे हायेत थे. आता खाटीवरच राह्यते.”

ती त्यांची सून, वच्छला. मी पिशवी आणखी जवळ ओढली. तेवढ्यात बस थांबली. पुढे रपटा (पाणी वरून जाऊ द्यायला बांधलेला बुटका पूल) होता, आणि तो दिसतच नव्हता. नुसतं लाल पाणी.

“रपटे पे पानी है, अम्मा,” कंडक्टर म्हणाला. “उतरेगा तो जाएंगे.”

“कब उतरेगा?”

“ये तो नाला जाने.”

दीड तास आम्ही एका मोहाच्या झाडाखाली दादाच्या छत्रीत बसलो. ड्रायव्हरने पाण्याच्या कडेला एक दगड ठेवला होता. दगड बुडाला की पाणी चढतंय, उघडा पडला की उतरतंय. तो दोनदा बुडाला. मला सारखं वाटत होतं, परत फिरावं लागणार, परवावर पंधरा ऑगस्ट, नावांचा दगड बसून जाणार. शेवटी मी वच्छलाबाईंना सगळं सांगितलं. मनात घोकलेल्यातलं एकही वाक्य कामी आलं नाही.

ती पाण्याकडे बघत ऐकत होती.

“माह्या लग्नात,” ती म्हणाली, “पंगतीत एक बुढी जोरानं बोल्ली, माफीवाल्याची सून आली वं. मले का मालूम? मले वाटलं आडनाव हाय.”

मी तिचा हात धरायला गेले. तिने तो काढून घेतला.

दगड पुरता उघडा पडला, पाणी घोट्यावर आलं. बस तरी थांबूनच होती, पण गाव कोसभरच पुढे, म्हणून लोक चालत निघाले. मी एका हातात चपला आणि दुसऱ्यात पिशवी घेऊन कडेला उभी.

“पिशवी माह्यापाशी द्या,” वच्छलाबाई म्हणाली.

मुलांनो, खरं लिहिते. मी दिली नाही. लगेच नाही दिली. वाटलं, रागाच्या भरात तिने सोडून दिली तर? तिने ते ओळखलं असावं. हात पुढे करून ती तशीच उभी राहिली, पाण्यात. मग मी दिली. तिने ती डोक्यावर ठेवली, एका हाताने धरली, आणि दुसऱ्या हाताने माझं मनगट. रपट्याच्या मध्ये माझा पाय निसटला तेव्हा ते मनगट इतकं आवळलं गेलं की अजून दुखतंय.

गावात शिरताच शाळा. अंगणात गोणपाटावर दगड आडवा ठेवलेला. आठ नावं कोरून झाली होती आणि शाळेचे गुरुजी स्वतः बारीक ब्रशने त्यात लाल रंग भरत होते. पहिलं नाव त्यांच्या आजोबांचं. पाहुणी कोणाकडची, हे विचारायला ते ब्रश हातात घेऊनच आमच्या मागे आले.

घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, बुद्धविहाराच्या मागे. शेणाने सारवलेली ओसरी, भिंतीवर निळी पट्टी. सोमाजी बुवा खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. मला वाटलं होतं त्याहून फार लहानखुरे. डोळे मात्र तेज.

“बाबाजी, बालाघाटच्या बाई आल्या,” वच्छलाबाई म्हणाली. “त्या साह्यबाचा कारकून होता ना, त्याची पोरगी.”

मी नमस्कार केला. सगळं सांगितलं. बाबांनी काय लिहिलं, काय वाचून दाखवलं नाही, सगळं. पावसाचं पाणी वळचणीवरून टपटपत होतं.

“मंग तुह्या बापानं मले वाचवलं,” ते म्हणाले.

“त्यांना तसं वाटलं.”

“फटक्याचे वळ पंधरा दिसात गेले असते, माय. हे नाई गेलं. माहा बाप मरेपर्यंत माह्याशी बोल्ला नाई. म्हने, गावातले आठ गेले, आपला एकच होता, त्यानंही नाक कापलं.” ते थांबले, दम लागला होता. “मी सांगो, मी नाई मांगली माफी. लोक म्हनत, मंग सोडलं काहून? याले उत्तर नोतं माह्यापाशी. कागद सायबाचा, अंगठा माहा. मंग मलेच वाटाले लागलं, का तोंडातून निघाली असन. भेलो असन मी. लहान होतो.”

गुरुजी ओसरीच्या पायरीवर उभे होते. “पन बाई,” ते म्हणाले, “हे खरं कशावरून? आता सत्तर वर्सांनी कोनीही काईही आनीन लिहून.”

मी चिडले नाही. त्यांचा प्रश्न रास्त होता. मी वही सोडली. रबर, प्लॅस्टिक, धोतराचा तुकडा. पान कोरडं होतं.

“बुवा, तुम्ही काय बोललात ते यात आहे. वाचू?”

“वाच.”

मी वाचलं, बाबांनी लिहिलं तसं, त्यांच्या बोलीत : “हौ, कापलं गवत. कालही कापलं, उद्याही कापन. जंगल राखीव हाय म्हनता, कोनासाठी राखलं?”

इथे पान संपतं. मागचं पान पावसाळी हवेने पुन्हा चिकटलं होतं. मी नखाने सोडवत होते, फाटेल म्हणून अगदी हळू. तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. मघाचा नव्हे. चढा.

“सायबाचा घोडा जे गवत खाऊन राह्यला, थेही मीच कापून आनलं. बेगारीत. तवा नाई इचारलं, जंगल कोनाचं म्हून.”

पान सुटलं. मी वही गुरुजींच्या पुढे धरली. एका हातात ब्रश तसाच धरून ते वाकले, ओळीवर बोट ठेवून वाचू लागले, आणि त्यांचं बोट सोमाजी बुवांच्या आवाजाच्या मागे मागे चालत गेलं.

“आमी समद्यायनं इळे खाली ठेवले,” बुवा म्हणाले, “त सायबाले घरी पायी जा लागन.”

आणि ते हसले. तोंडात दात नव्हते, खोकला आला, तरी हसत राहिले. “अरे, बोल्लो ना मी! बोल्लो होतो! वच्छला, आयकलं का वं?”

“हौ, बाबाजी.” ती पदराने तोंड झाकून रडत होती.

गुरुजींच्या ब्रशमधून सारवलेल्या ओसरीवर लाल थेंब पडला होता. ते पाहून ते ओशाळले. “दगडावर खाली जागा हाय,” ते कोणाकडेही न बघता म्हणाले. “पाथरवटाले आजच बलावतो.” बुवांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्यांचं लक्ष वहीवर होतं.

मी पर्समधली झेरॉक्स काढली, कोरं पेन काढलं, आणि बाबांची मुलगी म्हणून जे करायचं होतं ते केलं. शेवटच्या ओळीखाली लिहिलं, ‘वाचून दाखवला, बरोबर असल्याचे कबूल.’ आणि कागद त्यांच्यापुढे केला. वच्छलाबाई शाईच्या डबीसाठी उठली.

“अंगठा नाई,” बुवा म्हणाले. “दीक्षा घेतल्यावर शिकलो मी. सही करतो.”

तीन अक्षरांना बराच वेळ लागला. मग जेवण झालं. तांदळाची भाकरी आणि वास्त्यांची (बांबूच्या कोवळ्या कोंबांची) भाजी. तीन दिवसांत पहिल्यांदा मी पोटभर जेवले. निघताना मी दादाचा नमस्कार सांगितला. बुवा म्हणाले, “त्याले म्हना, माफ नाई केलं. पन वाचाले पोरगी धाडली, थे बरं केलं.” यातलं ‘त्याले’ म्हणजे दादाला की बाबांना, ते मी विचारलं नाही.

परतीच्या वाटेवर रपटा उघडा होता, बस न थांबता गेली. ड्रायव्हरने ठेवलेला दगड अजून कडेला होता. मी पिशवी मांडीवर ठेवली होती, पण उघडून पाहिली नाही.

ईशान, तुझं पाकीट मी पुन्हा उघडलं आहे. चार कारणं बरोबर आहेत, तशीच ठेव, गुण त्यांनाच मिळतील. पण त्यांच्या वर हे लिही. ते राज्य तलवारीवर जेवढं चाललं त्याहून जास्त चाललं गवत कापणाऱ्यांवर आणि ते कापलं म्हणून जबाब लिहिणाऱ्यांवर. सतरा वर्षांच्या एका मुलाने हे साहेबाच्या तोंडावर सांगितलं, आणि साहेबाला ते कळलं नाही, कारण मध्ये माझे वडील बसले होते. त्याच नोकरीवर मी इंग्रजी शिकले, तुझी आई डॉक्टर झाली, आणि तू आज साहेबाच्या देशात बसून मला हा प्रश्न विचारतोस. बाबा वाईट नव्हते. ते घाबरले होते. अशी घाबरलेली माणसं आपल्याकडे फार होती, आणि जसजशी ती कमी होत गेली तसतसा साहेब पायी निघाला.

सोबत ती झेरॉक्स पाठवते आहे. वर्गात दाखव. सही शेवटी जरा वर चढली आहे, पण वाचता येते.